धुक्यातल्या रानाची खतावणी

दार्जिलिंगला जाऊन आलेली मंडळी टायगर हिलवरच्या सूर्योदयाविषयी भरभरून बोलतात. मला मात्र त्या डोंगरांचे नाव निघाले की जोसेफ डाल्टन हूकर आठवतो.

१८१७ साली इंग्लंडमधल्या सफकमध्ये जन्मलेला हूकर झाडापानांतच वाढला. वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, पुढे लंडनजवळच्या क्यू उद्यानाचे संचालक. बाविसाव्या वर्षी जहाजावरचा साहाय्यक शल्यवैद्य म्हणून तो दक्षिण ध्रुवाकडे गेला. १८४८च्या एप्रिलमध्ये दार्जिलिंगला पोचला, तेव्हा तो तीस वर्षांचा होता.

खालच्या उष्ण दऱ्यांत साल, मधल्या उतारांवर ओक आणि मॅग्नोलिया, दहा हजार फुटांच्या आसपास हेमलॉक आणि त्याच्याही वर सिल्व्हर फर. या वरच्या रानात ढग अडकून राहतात. खोडांवर शेवाळाची गादी, फांद्यांवरून आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांच्या दाढ्या लोंबलेल्या, आणि फरच्या सावलीत बांबू अन् ऱ्होडोडेंड्रॉनची दाटी. हूकरने नुसते नमुने गोळा केले नाहीत. वायुभारमापक आणि थर्मामीटर जवळ बाळगून तो कोणते झाड कोणाच्या शेजारी राहते, किती उंचीवर थांबते, याच्या नोंदी करत गेला. पावसाचे वारे न पोचणाऱ्या आतल्या दऱ्यांत उंची तीच, पण वस्ती निराळी, हे त्याने पाहिले. तिथे लार्च आणि स्प्रूस होते. एका ऱ्होडोडेंड्रॉनला त्याने आपले यजमान ब्रायन हॉजसन यांचे नाव दिले. पहाडी लोक त्याच्या लाकडाचे पेले नि याकची खोगिरे करत, आणि पानांचा उपयोग आपल्या पत्रावळीसारखा.

बँकेत आयुष्य काढल्यामुळे असेल, मला जमेबरोबर नावेची बाजूही दिसते. १८४९च्या नोव्हेंबरात, सिक्कीमच्या दरबाराचा विरोध असताना तिबेटच्या सरहद्दीकडे गेलेल्या हूकरला आणि दार्जिलिंगचा अधिकारी कॅम्पबेल याला दिवाणाच्या माणसांनी अटकेत ठेवले. सुमारे दीड महिन्याने दोघे सुटले. १८५० साली इंग्रजांनी सिक्कीमचा तराईचा प्रदेश घेतला, दार्जिलिंगपोटी राजाला मिणारी वार्षिक रक्कमही बंद केली. फुलांना नावे लागली ती लेडी डलहौसी, कॅम्पबेल, हॉजसन यांची. काटाकुट्यांतून, झाडांवर चढून ती खुडून आणणाऱ्या लेपचा पोरांचे हूकरने पुस्तकात मनापासून कौतुक केले. खतावणीत मात्र त्यांचे खाते उघडले गेले नाही.

जमेची बाजूही भक्कम आहे. १८५४ साली त्याचे हिमालयाचे प्रवासवर्णन आले, ते त्याने मित्राला, चार्ल्स डार्विनला, अर्पण केले. १८७२ ते १८९७ या काळात हिंदुस्थानच्या वनस्पतींचे सात खंड निघाले. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे एकेकाळचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ रचला, तेव्हा हे खंड त्यांच्या हाताशी होते. १९११ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, हूकर गेला.

दार्जिलिंगला जाल तेव्हा सूर्योदय जरूर पाहा. मग संदकफूच्या वाटेवरच्या एखाद्या फरखाली थोडे थांबा, आणि शेजारी कोण कोण राहते आहे तेही पाहा.