डॉ. कमला सोहोनी : एक विज्ञानव्रती

मराठी वाचनालयाच्या सभासदांना दुर्गाबाई भागवतांचा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही. ‘ऋतुचक्र’ आणि ‘व्यासपर्व’ असलेले कपाट प्रत्येक जुन्या ग्रंथालयात असते. परंतु याच दुर्गाबाईंच्या धाकट्या भगिनीने जीवरसायनशास्त्रात मूलगामी संशोधन केले, हे आपणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. शताब्दीच्या या स्मरणिकेत डॉ. कमला सोहोनी यांचे स्मरण करणे म्हणूनच उचित ठरेल.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी आपल्याच प्रांतातील इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांचेही शिक्षण बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत झालेले. त्याच वाटेने जाण्याचे कमलाबाईंनी ठरविले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या गुणवत्तायादीत पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगलोरला अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर सी. व्ही. रामन. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणास्तव त्यांनी प्रवेश नाकारला.

गुणवत्ता पणाला लावूनही द्वार बंदच राहावे, हे कमलाबाईंना मान्य होणारे नव्हते. त्या थेट बंगलोरला गेल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याचा निर्धार त्यांनी रामन यांच्यासमोर बोलून दाखविला. अखेर प्रवेश मिळाला, तो अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, प्रसंगी रात्रीही, काम करावयाचे. आणि त्यांच्या उपस्थितीने संस्थेचे वातावरण बिघडता कामा नये. हा अपमान त्यांच्या मनात आयुष्यभर सलत राहिला. मात्र त्याचे उत्तर त्यांनी कामाने दिले. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी संशोधन केले. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३६ साली त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली.

पुढे त्या केंब्रिजला सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. जिवंत पेशींतील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना एन्झाइम अथवा विकर म्हणतात. विकरे नसती तर खाल्लेले अन्न पचले नसते आणि त्यातून ऊर्जाही मिळाली नसती. प्राण्यांच्या पेशींतील श्वसनक्रियेत ‘सायटोक्रोम सी’ या लोहयुक्त प्रथिनाचा वाटा असतो, हे तेव्हा माहीत झाले होते. बटाट्यावर काम करीत असता कमलाबाईंना हाच पदार्थ वनस्पतींच्या पेशींतही आढळला. प्राणी आणि वनस्पती यांच्या श्वसनाचे सूत्र मुळात एकच आहे, या विचाराला त्यामुळे बळकटी आली. अवघा चाळीस पृष्ठांचा प्रबंध लिहून, सुमारे चौदा महिन्यांत, १९३९ साली त्यांनी पीएच.डी. संपादन केली. विज्ञानात केंब्रिजची ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांची नोंद केली जाते.

परदेशात राहण्याची संधी असूनही त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधनशाळा येथे काम केल्यावर १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्राची शाखा नावारूपास आणली. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अटकाव करणारी प्रथिने असतात; शिजविल्याने त्यांचा जोर पुष्कळसा ओसरतो. आपल्या घरोघरच्या डाळीच्या पातेल्यामागील हे विज्ञान कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी तपासत होते.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरा आणि ताडगूळ यांत जीवनसत्त्वे व लोह असून, आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात त्यांचा समावेश केल्यास प्रकृती सुधारते, असे त्यांना दिसून आले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. देडतलाईच्या आसपास कोरकू वस्त्यांतून वावरणाऱ्या आपणांस या संशोधनाचे मोल निराळे सांगावयास नको.

तरीही संस्थेचे संचालकपद त्यांना सुमारे चार वर्षे उशिरा, १९६५ साली मिळाले. बंगलोरचा अडसर मुंबईतही पुरता निघाला नव्हता. १९६९ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी अन्नभेसळीविरुद्ध ग्राहकजागृतीचे कार्य केले. १९८२-८३ मध्ये त्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या अध्यक्षा होत्या. १९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.

एका घरातील दोन बहिणी. एकीने शब्दांची उपासना केली, दुसरीने पदार्थांची. पहिलीचे ग्रंथ आपल्या कपाटात आहेत. दुसरीचे कार्य बीजरूपाने प्रयोगशाळांत आणि आपल्या ताटात आहे. या वाचनालयाच्या पायऱ्या आज ज्या मुली चढतात, त्यांना कोणतीही अट घातली जात नाही. त्या मोकळेपणाचे मोल कोणी आधी चुकते केले, हे त्यांना सांगणे ग्रंथालयाचे कर्तव्यच होय.