शेनेक्टडीचा जादूगार आणि त्याची बॅटरीची गाडी

सेकंड इयरला नेटवर्कचे प्रॉब्लेम सोडवताना आपण सगळे एक काम निमूटपणे करतो. एसी सर्किट समोर आलं की इंडक्टर-कपॅसिटरला ‘जे’ लावायचा, मग साधी बेरीज, गुणाकार, भागाकार करायचा आणि उत्तर काढायचं. हा ‘जे’ इंजिनिअरच्या हातात आणून देणारा माणूस जेमतेम चार फूट उंच होता. त्याच्या पाठीला जन्मापासून कुबड होतं. तो दिवसभर सिगार ओढायचा, घरात मगरी पाळायचा, आणि त्याच्याकडे बॅटरीवर चालणारी मोटार होती. तीसुद्धा १९१४ सालची!

हल्ली आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवायचा म्हटलं की मीटिंगवर मीटिंग होते. केबल कुठून न्यायची, मीटर कोणाचं, लोड झेपेल का, हे सगळं आपल्याला एकदम नवीन वाटतं. पण हे प्रश्न शंभर वर्षांहून जुने आहेत. घरच्या घरी गाडी चार्ज करणं त्या काळी का अवघड होतं, ते चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्झ यांच्या आयुष्याकडे बघितलं की छान कळतं.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी ब्रेस्लाऊ शहरात झाला. तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव आहे व्रोत्सवाफ. जन्मनाव कार्ल आउगुस्ट रुडॉल्फ. वडील रेल्वेत नोकरीला. कार्ल एक वर्षाचा असतानाच आई गेली आणि आजीनेच त्याला वाढवलं. पाठीचं कुबड घराण्यातच होतं, वडिलांनाही होतं. मैदानावर जायची सोय नाही, म्हणून पोरगा गणितात रमला. युनिव्हर्सिटीत गेल्यावर तिथल्या गणिताच्या ग्रुपमधल्या मुलांनी त्याचं नाव ठेवलं प्रोटिअस. ग्रीक पुराणातला हा समुद्रदेव हवं ते रूप घेतो. दुसऱ्या एखाद्याला हे लागलं असतं. या पठ्ठ्याने पुढे अमेरिकेत गेल्यावर तेच आपलं मधलं नाव करून टाकलं!

गणितासोबत त्यांना समाजवादाचंही वेड लागलं. बिस्मार्कच्या राज्यात समाजवाद्यांवर बंदी होती. स्टाइनमेट्झ एका समाजवादी वर्तमानपत्राचं काम बघत होते आणि पोलिसांची नजर त्यांच्यावर होती. १८८८ मध्ये, डॉक्टरेटचा प्रबंध तयार असताना, अटक होणार असं दिसलं आणि त्यांना देश सोडावा लागला. डिग्री राहिली ती राहिलीच. झुरिकला काही महिने मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून १८८९ मध्ये ते ऑस्कर अस्मुसेन या मित्राबरोबर बोटीने न्यूयॉर्कला पोचले. खिशात पैसे नाहीत, इंग्रजी येत नाही, वर हे असं शरीर. बंदरावरचे अधिकारी त्यांना परतच पाठवणार होते. अस्मुसेनने हमी घेतली म्हणून ते आत आले. आपल्याला हॉस्टेलवर रेक्टरसमोर सही करणारा गार्डियन लागतो ना, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे सगळं आयुष्यच त्या सहीवर अवलंबून होतं.

नोकरी मिळाली ती न्यूयॉर्कजवळ याँकर्सला, रुडॉल्फ आयकेमायर यांच्या कारखान्यात, ड्राफ्ट्समन म्हणून. तिथे मोटर आणि ट्रान्सफॉर्मर बनत. त्या काळचा एक मोठा त्रास म्हणजे लोखंडी कोअर गरम व्हायची. एसीमुळे लोखंडातलं चुंबकत्व सेकंदाला कितीतरी वेळा उलटसुलट होतं आणि दर वेळी थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. यालाच आपण हिस्टेरेसिस लॉस म्हणतो. किती लॉस होणार हे मशीन बांधून झाल्यावरच कळायचं. म्हणजे आधी खर्च करा, मग रडा. स्टाइनमेट्झ यांनी आकडेवारी गोळा केली, स्वतः मोजमापं घेतली आणि १८९२ मध्ये नियम मांडला: हा लॉस फ्लक्स डेन्सिटीच्या १.६ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो. आपल्या मशिन्सच्या पुस्तकात तो १.६ अजून आहे. व्हायव्हाला विचारतातसुद्धा!

पुढच्या वर्षी, १८९३ मध्ये, शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेसाठी त्यांनी एसीचं सगळं गणित कॉम्प्लेक्स नंबरमध्ये मांडलं. त्याआधी एसी सर्किट सोडवायचं म्हणजे पानंच्या पानं डिफरन्शियल इक्वेशन. आता ते बीजगणितावर आलं. साधा शिकलेला इंजिनिअरसुद्धा लांब पल्ल्याची लाईन कागदावर डिझाईन करू लागला. याच सुमारास नव्यानेच स्थापन झालेल्या जनरल इलेक्ट्रिकने आयकेमायर यांचा कारखाना विकत घेतला आणि त्याबरोबर स्टाइनमेट्झही त्या कंपनीत आले. १८९४ पासून मरेपर्यंत त्यांचं गाव एकच, न्यूयॉर्क राज्यातलं शेनेक्टडी. लोक त्यांना शेनेक्टडीचा जादूगारच म्हणू लागले.

आता गाडीकडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बॅटरीच्या मोटारी भरपूर होत्या. पेट्रोलच्या गाडीला हँडल मारून सुरू करावं लागे, धूर आणि आवाज वेगळाच. बॅटरीच्या गाडीत बसायचं आणि निघायचं. अशा गाडीत साधारण चाळीस लेड-ॲसिड सेल असत. एका सेलचे दोन व्होल्ट धरले तर झाले ऐंशी. चार्जिंग पूर्ण होत आलं की प्रत्येक सेलला अडीच व्होल्टच्या वर द्यावे लागतात, म्हणजे शंभरच्या पुढे. एडिसनच्या जमान्यात शहराच्या मध्यभागात घरोघरी साधारण ११० व्होल्ट डीसी येत असे. हिशोब बघा किती सोपा! मध्ये एक रिओस्टॅट टाकला की झालं चार्जिंग.

पण त्या काळी डीसी लांब नेता येत नसे, तारेतच वाया जाई. एसीचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने चढवून लांब नेता येतं आणि घराशी उतरवता येतं. म्हणून शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांमध्ये एसी गेला आणि बघता बघता सगळीकडे पसरला. तो पसरला त्यामागे स्टाइनमेट्झ यांच्या गणिताचा मोठा हात होता. आता गंमत बघा. ज्यांच्याकडे गाडी ठेवायला स्वतःचं गॅरेज होतं ती माणसं राहत शहराबाहेरच्या बंगल्यांत. तिथे वीज एसी. बॅटरीला लागतो डीसी. म्हणजे एसी घराघरांत पोचला आणि नेमकं घरी गाडी चार्ज करणं अवघड होऊन बसलं!

यावर दोन उपाय होते. एक, एसी मोटरने डीसी जनरेटर फिरवायचा. हे धूड महाग, आवाज करणारं आणि तेलपाणी मागणारं. दुसरा उपाय म्हणजे मर्क्युरी आर्क रेक्टिफायर. पीटर कूपर ह्यूइट यांनी १९०२ मध्ये तो शोधला. हवा काढलेला काचेचा मोठा फुगा, तळाला पारा, आणि वर दोन बाजूंना दोन ॲनोड. फुगा तिरका करून ठिणगी पाडली की पाऱ्यावर एक तापलेला ठिपका तयार होतो आणि करंट फक्त ॲनोडकडून पाऱ्याकडे वाहतो, उलट नाही. एका अर्ध्या सायकलला एक ॲनोड, दुसऱ्या अर्ध्याला दुसरा. खाली मिळतो डीसी. अडचण एकच: एसी शून्यातून जाताना करंट क्षणभर जरी थांबला तरी ठिपका विझतो आणि खेळ खलास. म्हणून सर्किटमध्ये इंडक्टन्स ठेवून एक करंट संपायच्या आत दुसरा सुरू करावा लागतो. स्टाइनमेट्झ यांनी या रेक्टिफायरवर काम केलं. रस्त्यावरच्या आर्क दिव्यांसाठी लागणाऱ्या कॉन्स्टंट करंट प्रकारावर त्यांचा १९०५ चा पेपर आहे. जनरल इलेक्ट्रिक हेच तंत्र वापरून गॅरेजसाठी चार्जर विकायची. १९१२ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात एक बाई आपल्या उघड्या कोलंबिया गाडीजवळ उभी राहून असाच चार्जर चालवते आहे. आजच्या भाषेत म्हणायचं तर होम चार्जर. फक्त त्यातून निळसर-जांभळा उजेड पडायचा.

आता त्यांच्या घराविषयी सांगायला हवं. स्टाइनमेट्झ यांनी लग्न केलं नाही. आपलं कुबड पुढच्या पिढीत जाऊ नये असं त्यांनी ठरवलं होतं. वेंडेल ॲव्हेन्यूवर त्यांनी घर बांधलं, त्यात प्रयोगशाळा केली, काचघर करून निवडुंग आणि ऑर्किड लावले. प्रयोगशाळेतला त्यांचा सहकारी जोसेफ हेडन लग्न करून वेगळा राहू लागला तेव्हा स्टाइनमेट्झ यांना एकटेपणा खायला उठला. त्यांनी त्या दोघांना आपल्याच घरी राहायला बोलावलं आणि पुढे जोसेफला कायदेशीर दत्तक घेतलं. त्यांना तीन मुलं झाली. ज्या माणसाला आई आठवत नव्हती आणि ज्याला देश सोडावा लागला होता, तो आता तीन नातवंडांचा आजोबा झाला. डिग्री अर्धवट राहिलेल्या या माणसाला युनियन कॉलेजने १९०३ मध्ये डॉक्टरेट दिली आणि तिथे ते प्राध्यापकही होते. गावात समाजवादी महापौर निवडून आला तेव्हा ते शिक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले.

याच घरात १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक आली. काचेच्या खिडक्यांची, उंच, एखाद्या छोट्या दिवाणखान्यासारखी गाडी. स्टाइनमेट्झ यांना त्यात केवळ चैन दिसत नव्हती. त्यांचा विचार पॉवर स्टेशनचा होता. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा स्टेशनवर पूर्ण लोड. मध्यरात्रीनंतर मशिन्स जवळजवळ रिकामी. गुंतवलेले पैसे मात्र रात्रीही व्याज खातातच. रात्री घरोघरी गाड्या चार्ज झाल्या तर तीच मशिन्स कामाला येतील, वीज स्वस्त होईल आणि ती गरिबालाही परवडेल. समाजवाद आणि लोड फॅक्टर एकाच वाक्यात बसवणारा दुसरा इंजिनिअर मला तरी माहीत नाही. आज टाइम ऑफ डे टॅरिफ म्हणून आपण जे वाचतो त्याचं मूळ याच विचारात आहे.

पण तसं घडलं नाही. डेट्रॉइट इलेक्ट्रिकची किंमत अडीच हजार डॉलरच्या पुढे, तर फोर्डची मॉडेल टी पाचशेच्या आसपास. १९१२ मध्ये कॅडिलॅकने सेल्फ स्टार्टर आणला, हँडल मारायची कटकट गेली. आणि महत्त्वाचं म्हणजे पेट्रोल डब्यातून कुठेही मिळे. चार्जिंगला मात्र स्वतःचं घर, स्वतःचं गॅरेज, वायरिंग आणि वर तो महागडा रेक्टिफायर हवा. कामगाराच्या भाड्याच्या खोलीत हे कुठून येणार? स्टाइनमेट्झ यांच्या नावाने १९२० मध्ये बॅटरीच्या गाड्या बनवणारी कंपनीही निघाली, पण ती टिकली नाही. त्याआधीच, २६ ऑक्टोबर १९२३ रोजी, स्टाइनमेट्झ शेनेक्टडीच्या आपल्या घरी वारले. वय अवघं ५८. आदल्या वर्षीच त्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम वीज पाडून दाखवली होती आणि पेपरवाल्यांनी ती डोक्यावर घेतली होती. गॅरेजमधला मुका चार्जर कोण छापणार?

ते घर आता उभं नाही. गाडी मात्र आहे! ती कुठेतरी पडून राहिली होती. १९७१ मध्ये युनियन कॉलेजने ती मिळवली, दुरुस्त केली आणि आज ती कॉलेजमध्येच ठेवलेली आहे.

मधल्या काळात पाऱ्याच्या फुग्याची जागा सिलिकॉनने घेतली. रेक्टिफायर इतका लहान झाला की तो गाडीच्या पोटातच बसतो. आपण भिंतीवर लावतो त्याला चार्जर म्हणतो खरं, पण ते यंत्र गाडीशी बोलून, सगळं सुरक्षित आहे ना हे बघून, फक्त एसी सोडतं. डीसी करायचं काम ऑनबोर्ड चार्जर करतो. २३० व्होल्ट आणि ३२ ॲम्पिअर म्हणजे साधारण ७.४ किलोवॉट. १५ ॲम्पिअरच्या साध्या सॉकेटवर ३.३ किलोवॉट धरले तर ३० किलोवॉट-अवरची बॅटरी भरायला नऊ-दहा तास, म्हणजे एक रात्र. त्यासाठी काय लागतं? वेगळी लाईन, योग्य एमसीबी, आरसीसीबी, नीट अर्थिंग आणि पुरेसा सँक्शन्ड लोड. घरच्या वीज जोडणीवर आपली गाडी चार्ज करता येते हे केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनीही स्पष्ट केलं आहे.

म्हणजे एसी-डीसीचं भांडण मिटलं. राहिला तो दुसरा प्रश्न, गॅरेजचा. बंगलेवाल्याला चार्जर बसवायला एक दुपार पुरते. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला, ज्याचं पार्किंग ठरलेलं नाही त्याला, चाळीत किंवा भाड्याने राहणाऱ्याला काय? १९१४ मध्ये गाडी अडली ती याच दारात. हा प्रश्न सोडवायला नवा ‘जे’ लागणार नाही. लागेल ती कॉमन पार्किंगची वायरिंग, लोडची नीट वाटणी, प्रत्येकाचं वेगळं मीटरिंग आणि मीटिंगमध्ये शेजाऱ्यांना समजावून सांगण्याची चिकाटी. इलेक्ट्रिकलच्या कोणाला फायनल इयर प्रोजेक्ट सुचत नसेल, तर आपल्याच हॉस्टेलच्या पार्किंगचा लोड मोजायला सुरुवात करा. रात्री दोन वाजता मीटर बघायला माणसं आपल्याकडे जागीच असतात!