बाबासाहेबांची इंग्रजी शब्दसंपदा

बाबासाहेबांच्या इंग्रजीचा विषय निघाला की कोलंबिया आणि लंडनची नावे घेतली जातात. त्या भाषेचा पाया मात्र घरीच घातला गेला, आणि तो घालणारे होते त्यांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ. लष्करी शाळेत शिकवलेल्या रामजींनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घटवून घेतली. मराठीतून इंग्रजीत जायचे आणि इंग्रजीतून मराठीत परतायचे, ही पाठमालेची रीत. या येरझारीत जवळपासचा शब्द चालत नाही, नेमकाच लागतो. घोकंपट्टी म्हणून आज आपण जिला नाके मुरडतो, तिच्यातले हे मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे.

पुढे परळच्या चाळीत मुलाच्या पुस्तकांचा हट्ट पुरवायला पेन्शन अपुरी पडे. तेव्हा रामजी विवाहित लेकींकडे जात. रोख पैसे नसले तर लेकीचा दागिना गहाण पडे आणि पेन्शन आली की सुटे. शाळेत संस्कृत नाकारले गेले, म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली बी. ए.; मग न्यूयॉर्क, आणि लंडनमधले ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय.

ही संपदा कशासाठी होती, हे १९३१ साली दिसले. गोलमेज परिषदेतील पुरवणी निवेदनात बाबासाहेबांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या नावालाच हरकत घेतली. हे नाव समाजाला केवळ दीन, दबलेला म्हणून दाखवत होते. सुचवलेल्या पर्यायांत ‘प्रॉटेस्टंट हिंदू’ आणि ‘नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू’ ही नावे होती. इंग्लंडच्या इतिहासात प्रस्थापित धर्मपीठाला नकार देणाऱ्यांची ही नावे. ऐकणाऱ्या इंग्रजाला अर्थ फोड करून सांगण्याची गरजच नव्हती. दयेचे विशेषण काढून तेथे बंडखोराचे नाम ठेवणे, एवढी ताकद त्या निवडीत होती. सरकारने ती नावे स्वीकारली नाहीत. १९३५च्या कायद्यात ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ आले.

शब्द वेचण्याचा हा नाद शेवटपर्यंत सुटला नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात, मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना, त्यांनी पाली शब्दांचा कोश रचायला घेतला. पाली शब्दापुढे इंग्रजी अर्थ. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात तो प्रसिद्ध केला आहे.