महालनोबीस : पाच वर्षांच्या पलीकडचा हिशेब

थोर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कोलकाता येथे झाला. त्यांचा जन्मदिवस २००७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

केंब्रिज येथे भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतल्यानंतर ते संख्याशास्त्राकडे वळले. १९२६ मध्ये ओरिसातील ब्राह्मणी नदीला महापूर आला, तेव्हा नदीचे पात्र उंचावल्याने बांध वाढवावेत, असे अभियंत्यांचे मत पडले. महालनोबीस यांनी सुमारे ६० वर्षांच्या नोंदी तपासून हा समज खोडून काढला. १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली.

नियोजनाचा विचार देशात स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाला होता. मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळ त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली राष्ट्रीय नियोजन समिती कामाला लागली होती. अधिवेशन गाजले ते मात्र पक्षांतर्गत संघर्षाने.

मार्च १९५५ मध्ये महालनोबीस यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा सादर केला. त्यांच्यापुढील खरा पेच मुदतीचा होता. यंत्रे घडविणाऱ्या कारखान्यांवरील खर्च पाच वर्षांत फळाला येत नाही. हिशेब पाचव्या वर्षी थांबवला, तर सारा पैसा कापडासारख्या उपभोग्य वस्तूंवर घालणेच लाभदायक दिसते. अखेरच्या दिवशी उभ्या असलेल्या कारखान्यांना त्या हिशेबात किंमतच उरत नाही. मुदत पुरेशी लांबवली की उत्तर उलटते. महालनोबीस यांनी लांबची मुदत पसंत केली आणि गुंतवणुकीचा एकतृतीयांश वाटा भांडवली वस्तूंसाठी धरला.

ही निवड निव्वळ गणिताची नव्हती. आजच्या पिढीने किती सोसावे, हा प्रश्न तीत दडलेला होता. मुंबई विद्यापीठातील सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये नेमके त्यावरच बोट ठेवले : कामगाराला धान्य आणि कापड आधी मिळाले पाहिजे. योजनेच्या काळात परकीय चलनाची तीव्र टंचाई निर्माण झाली, हे पाहता ही टीका अनाठायी म्हणता येत नाही. मर्यादित मुदतीच्या योजनेअखेर किती भांडवल शिल्लक ठेवावे, याचा गणिती विचार सुखमय चक्रवर्ती यांनी १९६२ मध्ये मांडला.

महालनोबीस १९६७ पर्यंत नियोजन आयोगाचे सदस्य होते. १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. ७९ वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस असताना, २८ जून १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. दरवर्षी मुदत एक वर्ष पुढे नेणारी सरकती योजना १९७८ मध्ये आली. १९८० मध्ये ती सोडून देण्यात आली.