वासुदेव गायतोंडे

वासुदेव संतू गायतोंडे (२ नोव्हेंबर, १९२४ - १० ऑगस्ट, २००१) हे एक भारतीय चित्रकार होते. आधुनिक भारतीय अमूर्त चित्रकलेतील अग्रगण्य चित्रकारांत त्यांची गणना होते.

जीवन

गायतोंडे यांचा जन्म नागपूर येथे झाला. त्यांचे कुटुंब मूळचे गोव्याचे होते. त्यांचे बालपण मुंबईत गिरगावातील एका चाळीत गेले. १९४८ मध्ये त्यांनी सर जे.जे. कला महाविद्यालयातून पदविका घेतली आणि १९५० मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी जोडले गेले. आरंभीच्या त्यांच्या चित्रांत मानवाकृती असत व त्यांवर भारतीय लघुचित्रशैलीचा आणि पॉल क्ली या चित्रकाराचा प्रभाव दिसतो. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७२ मध्ये दिल्लीत स्थायिक झाल्यावर ते एका छोट्या भाड्याच्या जागेत एकांतात राहत. १९८४ मधील अपघातानंतर काही वर्षे त्यांचे कॅनव्हासवरील काम थांबले. या काळात त्यांनी कागदावर शाईने रेखाटने केली.

चित्रविचार आणि तंत्र

आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणे गायतोंडे यांना मान्य नव्हते. अमूर्तीकरणाचा आरंभ एखाद्या वस्तूपासून होतो. आपली चित्रे मात्र वस्तुनिरपेक्ष आहेत, अशी त्यांची भूमिका होती. १९३० मध्ये थिओ व्हान डूसबर्ग यांनी मांडलेल्या 'काँक्रीट आर्ट'च्या विचारातही रंग, रेषा व प्रतल हेच चित्राचे वास्तव मानले होते. मात्र त्या परंपरेतील स्वीडिश चित्रकार ओले बार्टलिंग (१९११-१९८१) यांनी धारदार कोन व सपाट रंग वापरले, तर गायतोंडे यांनी भूमिती टाळली. झेन विचार, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्या शिकवणुकीचे त्यांना आकर्षण होते. रोलर व पॅलेट नाइफने ते रंगांचे पातळ थर देत, कागदाचे तुकडे दाबून रंग उचलत. चित्राआधीचे दीर्घ चिंतन हा त्यांच्या कामाचाच भाग असल्याने वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत. बहुतेक चित्रांना त्यांनी शीर्षकही दिले नाही.

सन्मान आणि वारसा

१९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना प्रथम पारितोषिक मिळाले. १९७१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मानही त्यांना लाभला. २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांचे १९७९ मधील एक चित्र २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविले.