गंजिफा, लोणारचे तळे आणि अबुल फजल

पत्त्यांचा एखादा डाव शिकायला कितीसा वेळ लागतो? तीन पत्ती असेल तर पाव तास पुरे. तीन सारख्या पानांपुढे कोणाचे चालत नाही. त्याखाली एकाच रंगाची ओळीने तीन पाने, मग वेगवेगळ्या रंगांची ओळ, मग नुसता रंग, मग जोडी, आणि यातले काहीच नसेल तर हातातले मोठे पान. साहेबांच्या पोकरमध्ये पाने पाच. बाकी हिशेब त्याच जातीचा. फरक एवढाच, की तिथे रंग ओळीला मारतो आणि आपल्याकडे ओळ रंगाला! नियम इतकेच. पुढचे सगळे समोरच्याचा चेहरा वाचण्यात आणि आपला झाकण्यात.

लेख पत्त्यांवर आहे अशा समजुतीने प्राध्यापक मंडळींनी पान उलटू नये. लेख एका विद्वानावर आहे. आपल्या देशात पत्त्यांच्या जोडातील एकेक रंग, एकेक राजा आणि एकेक कारकून नीट मांडून ठेवण्याचे काम ज्याने चारशे वर्षांपूर्वी केले, त्याच गृहस्थाने त्याच ग्रंथात आपल्या लोणारच्या तळ्याचीही नोंद करून ठेवली आहे. ग्रंथ ‘ऐन-इ-अकबरी’, गृहस्थ शेख अबुल फजल.

प्रथम लोणारची नोंद पाहू. वऱ्हाड सुभ्याच्या प्रकरणात मेहकर सरकारचा उल्लेख येतो. त्यात लोणार हे मोठे पवित्र स्थान असून ब्राह्मण त्याला विष्णुगया मानतात, असे तो लिहितो. उंच टेकड्यांनी वेढलेले, कोसभर लांब आणि तितकेच रुंद असे तळे, पाणी खारे, काच आणि साबण करण्यास लागणारे द्रव्य त्यात सापडते, सोराही निघतो आणि त्याचे उत्पन्न चांगले येते. वर डोंगरावर एक झरा असून त्याच्या मुखाशी बैल कोरलेला आहे, आणि सोमवारी अमावास्या आली म्हणजे त्या झऱ्याचे पाणी मोठ्या तळ्यात उतरते, हेही तो सांगतो. धारेवर पाणी भरणाऱ्या आपल्या आयाबायांना यातले काही नवे वाटणार नाही. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे शेखसाहेबांचा कोस अंमळ सैल पडला. हा खड्डा आकाशातून आलेल्या दगडाने पडला हे त्या काळी कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. पण त्याची नजर पाहा. पावित्र्य सांगून झाल्याबरोबर तो खाराकडे वळतो आणि खारावरून उत्पन्नाकडे. भक्त, भूगोलवेत्ता आणि वसुली अधिकारी असे तिघे एकाच परिच्छेदात बसलेले आहेत.

अबुल फजलचा जन्म १४ जानेवारी १५५१ चा, आग्र्याचा. घराणे मूळचे येमेनचे. पूर्वज सिंधमार्गे राजस्थानातील नागोरला येऊन राहिले. वडील शेख मुबारक मोठे पंडित, पण कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत न मावणारे. त्यामुळे दरबारी मुल्लामौलवींचा त्यांच्यावर डोळा. एक काळ असा आला की वृद्ध बापाला दोन्ही तरुण मुलांसह रात्री-बेरात्री घर सोडून आज या ओळखीच्याकडे, उद्या त्या ओळखीच्याकडे लपत फिरावे लागले. ज्यांच्यावर भरवसा ठेवला त्यांनी दारे लावून घेतली. मोठा मुलगा फैजी, पुढे अकबराचा राजकवी झाला तो. धाकटा अबुल फजल. सत्ताधारी धर्मपंडितांविषयी जी कडवट धार त्याच्या लेखणीत शेवटपर्यंत राहिली, तिचे मूळ या रात्रींत आहे असे मला वाटते.

त्याच्या विद्यार्थिदशेतील एक हकिकत परीक्षेच्या दिवसांत आपण सर्वांनी आठवावी अशी आहे. एका इस्फहानी पंडिताच्या ग्रंथाची प्रत त्याच्या हाती आली. तिचा निम्म्याहून अधिक भाग नष्ट झालेला. विशीही न ओलांडलेल्या या पोराने खराब भाग कापून काढला, कोरा कागद चिकटवला आणि उरलेल्या अर्ध्या ओळींवरून गेलेल्या अर्ध्या ओळी स्वतः लिहून काढल्या. पुढे त्या ग्रंथाची संपूर्ण प्रत मिळाली तेव्हा दोन्ही ताडून पाहिल्या, तर फरक मोजक्याच ठिकाणी! गोष्ट त्याने स्वतःच सांगितली आहे, तेव्हा थोडे मीठ तोंडी लावून घ्यावे. पण माणसाची जात त्यातून कळते. गाळलेली जागा दिसली की ती भरल्यावाचून त्याला चैन पडत नसे.

१५७४ मध्ये त्याची अकबराशी भेट झाली आणि पुढच्याच वर्षी फतेहपूर सिक्रीला त्याने दरबारात पाय रोवला. त्यानंतरचे ठाऊकच आहे. इबादतखान्यातील वाद, ज्या मौलवींनी बापाला छळले त्यांचा एकेक करून पाडाव, महाभारताच्या फारसी अवताराला, म्हणजे ‘रझ्मनामा’ला, लिहिलेली प्रस्तावना, ‘अकबरनामा’ आणि त्याचाच तिसरा भाग ‘ऐन’. ‘ऐन’ १५९८ च्या सुमारास सिद्ध झाला. नंतरही त्यात भर पडत राहिली. टाकसाळ, स्वयंपाकघर, हत्तींचा खुराक, तोफा, घरबांधणीच्या मालाचे भाव, सुभ्यासुभ्याचा महसूल, आणि या सगळ्यात एका बाजूला दरबारातील खेळ.

खेळांचे प्रकरण मला तरी साऱ्या ग्रंथात सर्वांत जिवंत वाटते. चौपट, म्हणजे आपल्या सोंगट्या, अकबराच्या महालात खेळली जाई तेव्हा दोनदोनशे माणसे बसत. ठरलेले सोळा डाव पुरे झाल्याशिवाय घरी जायची परवानगी नाही, आणि हे प्रकरण कधी कधी तीन तीन महिने चाले! जो कंटाळेल त्याला दंड म्हणून मद्याचा पेला. यावर अबुल फजलचे म्हणणे असे की वरवर पाहणाऱ्याला हा नुसता खेळ वाटेल, पण बादशहा त्यातून माणसांची पारख करतो आणि त्यांना एकमेकांशी सलोख्याने वागायला लावतो. धन्याच्या प्रत्येक गोष्टीत थोर हेतू शोधण्याची त्याची खोड प्रसिद्ध आहे. बदायुनीसारखे त्याचे समकालीन त्याला खुशमस्कऱ्या समजत. पण तीन महिने एका पटाशी बसवलेला माणूस आपला स्वभाव लपवू शकत नाही, हे कोणीही पत्ते खेळणारा कबूल करील.

आता गंजिफा. हा खेळ मोगलांबरोबर इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफ्याचा जोड पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. ‘ऐन’मधील जोड मात्र ऐटदार देशी नावांचा आहे. बारा रंग, प्रत्येकात बारा पाने, एकूण १४४. पहिला अश्वपती, घोड्यांचा धनी. वरच्या पानावर दिल्लीच्या पातशहासारखा छत्रचामरांसह घोड्यावर बसलेला राजा, त्याखाली घोड्यावरचा वजीर, मग एकापासून दहापर्यंत घोडे. दुसरा गजपती, ओरिसाच्या राजासारखा. तिसरा नरपती, ज्याचे बळ पायदळात. इथे दाखला विजापूरकरांचा. मग गढपती, धनपती, दलपती, नावांचा धनी, राणी, इंद्र, राक्षस-जिन्नांचा धनी सुलेमान, वनाचा राजा वाघ आणि शेवटी अहिपती, सापांचा राजा. पहिले सहा बळकट, दुसरे सहा हलके.

हे जुने झाले. अकबराने जोड सुधारला, आणि गंमत इथे आहे. धनपतीच्या रंगात राजा द्रव्य वाटतो आहे, वजीर खजिना तपासतो आहे, आणि खालची दहा पाने म्हणजे जवाहिऱ्या, धातू वितळवणारा, तोलणारा, नाणे पाडणारा, मोहरा मोजणारा अशी खजिन्यातील माणसे! सनदांच्या रंगात राजा फर्मानावर सही करतो आणि खाली कागद करणाऱ्यापासून दप्तरात नोंद करणाऱ्या कारकुनापर्यंत सगळी कचेरी. गुलामांच्या रंगात कोणी बसलेला, कोणी झिंगलेला, कोणी शुद्धीवर. ‘ऐन’ हा जो एवढा मोठा ग्रंथ, तोच या जोडात पानापानाने मांडलेला आहे असे म्हटले तरी चालेल. राज्यकारभार शिकायचा असेल तर एक डाव खेळा!

आणि तरीही, सोंगट्यांचे नियम तपशिलाने सांगणारा हा लेखक गंजिफ्याचा जोड वर्णून थांबतो; डाव कसा खेळायचा ते सांगत नाही. त्या काळी ते शेंबड्या पोरालाही येत असणार. ज्याला अर्ध्या ओळीवरून उरलेली ओळ लिहिता येई, त्याने आपल्यासाठी नेमकी अर्धी ओळ सोडली!

सुदैवाने ती आपल्या महाराष्ट्रातच भरून काढता येते. सावंतवाडीला चितारी अजून गोल गंजिफा रंगवतात. तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही मरू घातलेली कला पुन्हा उभी केली. तिथला प्रसिद्ध जोड दशावतारी: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२० पाने. खेळणारे तिघे, वाट्याला चाळीस चाळीस. दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे राम त्याची उतारी, रात्री कृष्णाची. (मोगली जोडात दिवसा सोन्याच्या नाण्यांचा राजा, रात्री चांदीच्या, सूर्य आणि चंद्र.) मोठे पान घालील त्याचा हात, अखेरीस पाने मोजायची. नवशिक्याची दमछाक होते ती एका नियमाने. निम्म्या रंगांत राजा-प्रधानाखाली दहा मोठा आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या निम्म्यांत उलटे, एक्का मोठा आणि दहा कवडीमोल. ‘ऐन’मधल्या बळकट आणि हलक्या रंगांचे गूढ इथे उकलते. यात हुकमाचा रंग नाही, पत्ते टाकून डावातून उठणे नाही, खोट्या चढाओढीला वाव नाही. कोणते पान गेले आणि कोणते उरले हे ज्याच्या ध्यानात राहील तो जिंकेल. वरची पाने निघून गेली की कालचा सत्ताही राजासारखा वागू लागतो.

अबुल फजलची स्मरणशक्ती अफाट होती आणि भूकही. रोज बावीस शेर अन्न खाई, असे सांगतात. जेवताना मुलगा अब्दुर्रहमान शेजारी उभा राही. बापाने ज्या पदार्थाला दुसऱ्यांदा हात घातला तो दुसऱ्या दिवशी पुन्हा होई. एखादा बेचव निघाला तर न बोलता मुलाकडे सरकवला जाई. १५९९ मध्ये तो दक्षिणेत आला तेव्हा छावणीत एक मोठा तंबू नुसत्या जेवणासाठी होता, आणि बाहेर दिवसभर खिचडी शिजत असे. जो भुकेला येईल त्याने खावी.

दक्षिणेत त्याला पाठवले ते शाहजादा मुरादला परत आणण्यासाठी. वऱ्हाड १५९६ मध्ये चाँदबिबीने तहात मोगलांना दिले होते आणि मुराद इकडेच दारूत बुडाला होता. अबुल फजल पूर्णेकाठच्या छावणीत पोचला आणि शाहजादा मेला. सैन्य पांगण्याच्या बेतात. अठ्ठेचाळीस वर्षांच्या या कलमबहाद्दराने आपल्या पदरचा पैसा वाटून फौज एकत्र ठेवली आणि मोहीम चालवली. दरबारातील त्याच्या वैऱ्यांनी त्याला इकडे पाठवले ते पडावा म्हणून. तो सेनापती होऊन बसला. १६०० मध्ये अहमदनगर पडले, १६०१ च्या आरंभी अशीरगड.

पण उत्तरेत त्याचा खरा वैरी मोठा होत होता. शाहजादा सलीम. हा एकदा अबुल फजलच्या घरी अवचित गेला तो तिथे चाळीस लेखनिक कुराणावरील टीकेच्या प्रती करताना दिसले; त्याने त्यांना उचलून थेट अकबरापुढे उभे केले, की बघा, बाहेर एक शिकवतो आणि घरात एक करतो! काही काळ बादशहाची मर्जी उतरलीही. १६०२ मध्ये सलीमने अलाहाबादेत बंड मांडले तेव्हा अकबराने ज्याच्यावर पुरा विश्वास अशा माणसाला दक्षिणेतून बोलावले. अबुल फजल मोजक्या माणसांनिशी निघाला. सलीमने ओर्छ्याच्या वीरसिंह बुंदेल्याला वाटेवर बसवले आहे, ही बातमी त्याला मिळाली होती. वाट बदलण्याचा सल्ला त्याने मानला नाही. ग्वाल्हेरजवळ आंतरीच्या परिसरात, ऑगस्ट १६०२ मध्ये, बुंदेल्यांचे स्वार दिसले तेव्हाही एका जुन्या अफगाण सोबत्याने मागे फिरण्याची विनवणी केली. जवळच बादशाही फौज होती. तो फिरला नाही. याला शौर्य म्हणावे की हट्ट? मला वाटते, तरुणपणी ज्याने लपून फिरण्याची पुरेपूर चव घेतली होती, त्याला पुन्हा ती चव नको होती. भाल्याच्या जखमेने तो पडला. शिर कापून अलाहाबादेस सलीमकडे पाठवले गेले.

तैमूरच्या घराण्यात शाहजाद्याच्या मृत्यूची बातमी बादशहाला तोंडाने सांगत नसत; त्याचा वकील मनगटाला निळा रुमाल बांधून समोर येई. अबुल फजलचा वकील तसाच आला. अकबराने कित्येक दिवस दरबार भरवला नाही.

१६०५ मध्ये सलीम जहांगीर होऊन तख्तावर बसला. आपण हे कृत्य करवले हे त्याने आपल्या आठवणींत न लपवता लिहून ठेवले आहे. वीरसिंहाला ओर्छ्याचे राज्य मिळाले. बापाच्या ताटाशेजारी उभा राहणारा अब्दुर्रहमान त्याच जहांगीरच्या चाकरीत राहिला, अफझलखान झाला, बिहारचा सुभेदार झाला आणि १६१३ मध्ये वारला.