सोन्नलगीचे सिद्धरामेश्वर

आजच्या सोलापूरचे जुने नाव सोन्नलगी. १२ व्या शतकात या गावी मुद्दगौडा व सुग्गलादेवी यांच्या पोटी सिद्धराम जन्मास आले. बालपणी ते गुरे राखीत. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनावर त्यांची अढळ भक्ती होती; तिच्यापायी ते लहान वयातच श्रीशैलास गेले, अशी कथा आहे.

सोलापूरचा मुलूख कमी पावसाचा. परत आल्यावर सिद्धरामांनी देवळाबरोबर तळ्याचेही काम हाती घेतले. त्यांच्या शब्दाखातर अनेक लोक श्रमास आले. असे सांगतात, की एकदा अल्लमप्रभू तेथे आले व नुसता दगडमाती उपसणारा म्हणून त्यांनी सिद्धरामांना हिणवले. कामकरी संतापले, परंतु सिद्धराम अंतर्मुख झाले. तळे पुरे व्हावे. पण ते मी बांधले हा अभिमान उरू नये, हे त्यांना उमगले.

पुढे कल्याणास बसवेश्वरादी शरणांच्या सहवासात ते राहिले. सामान्य जनांस कळेल अशा कन्नड भाषेत त्यांनी वचने रचली. शरणांची वचने शतकानुशतके ताडपत्रांवर पडून होती. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी ती परिश्रमाने गोळा केली व १९२३ साली ‘वचनशास्त्रसार’ ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा रीतीने विस्मृतीत गेलेले धन पुन्हा लोकांच्या हाती आले.

तळ्याच्या मध्यभागी सिद्धेश्वराचे मंदिर आजही उभे आहे. दर संक्रांतीस उंच नंदीध्वज पेलीत मिरवणूक निघते आणि तिच्यात सारे शहर एक होते. थोरांचे कार्य असे पाण्यात, शब्दांत व लोकांच्या एकोप्यात जिवंत राहते.